नवी मोटारसायकल घेतल्यावर जुनी ठेवावी की विकावी?

सोयाबीन विकून हाती चार पैसे आले की दसरा-दिवाळीच्या सुमारास विदर्भातल्या गावोगावी नव्या मोटारसायकली येतात. हार, नारळ, चाकाखाली लिंबू असे सगळे यथासांग होते आणि त्याच वेळी गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली दहा-पंधरा वर्षांची जुनी गाडी कोणाच्या ध्यानीमनीही नसते. तिचे काय करायचे याचा निर्णय बहुतेक घरांत घेतलाच जात नाही. 'राहू दे, वावरात न्यायला कामी येईल' एवढ्यावर विषय संपतो आणि दोन पावसाळे गेले की तिच्या सीटवर कोंबड्या बसू लागतात.

पहिल्यांदाच दोन गाड्यांचे मालक झालेल्यांसाठी हे लिहीत आहे. माझे मत असे, की जुन्या गाडीला वर्षभराचे ठरलेले काम आणि ठरलेला चालवणारा असेल तरच ती ठेवावी. यांपैकी एक जरी नसेल तर ती चालू स्थितीत आहे तोवरच विकावी, कारण बंद पडलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही, भंगारवाला मिळतो.

पहिली पायरी : गाडीला काम आहे का, हे मोजावे

अंदाजाने ठरवू नये, कारण अंदाज नेहमी गाडी ठेवण्याच्या बाजूनेच येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करावी. ती जुनी गाडी चालवली म्हणून करायची नाही. दोन्ही गाड्या एकाच वेळी घराबाहेर असाव्या लागल्या, अशाच दिवसासाठी करायची. नवी गाडी दारात उभी असताना केवळ ती चिखलाने माखू नये म्हणून जुनी नेली असेल, तर तो दिवस धरू नये. ही मोजणी कठोर वाटेल, परंतु दुसऱ्या गाडीची खरी गरज एवढ्यानेच कळते.

मोजण्यासाठी महिना कोणता निवडला यावरही बरेच अवलंबून असते. जूनमधली पेरणी, त्यानंतरचे डवरणी-निंदण, पावसाळाभराची फवारणी आणि दिवाळीपासून पुढे चालणारी कापसाची वेचणी या काळात घरातला एक माणूस वावरात आणि दुसरा तालुक्याला, दवाखान्यात किंवा कृषी केंद्रावर असतो. याउलट मार्च ते मे या काळात अनेक घरांत दुसरी गाडी जागची हलत नाही. मी स्वतः ही मोजणी केली तेव्हा नोव्हेंबरात बावीस खुणा झाल्या आणि एप्रिलात तीन. म्हणून एक कामाचा महिना आणि एक रिकामा महिना असे दोन्ही मोजून वर्षाचा हिशेब काढावा. दुधाचा धंदा असेल तर गोष्ट निराळी, कारण संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ कॅन न्यावीच लागते आणि तिथे बाराही महिने खुणा होतात.

जुन्या गाडीच्या बाजूने एक तांत्रिक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ मानक लागू झाले आणि तेव्हापासूनच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बुरेटरच्या जागी इंधन इंजेक्शनची प्रणाली आली. तिचा पंप आणि सेन्सर बॅटरीवर चालतात, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तर नुसता धक्का मारून गाडी सुरू होईलच असे नाही, आणि काही मॉडेलांना तर किकही नसते. गावापासून आठ किलोमीटरवर, पांदण रस्त्याच्या टोकाला अशी अडचण आली की कार्बुरेटरच्या गाडीची किंमत कळते. तिचा प्लग पुसून, जेट फुंकून ती धुऱ्यावरच सुरू करता येते आणि तिचे काम फाट्यावरचा कोणताही मेकॅनिक करतो.

परंतु हाच मुद्दा उलट बाजूनेही पाहावा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना किमान कॉम्बी ब्रेक (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) आणि त्यावरील गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी प्रणाली) सक्तीचे झाले. जुन्या गाडीत यांपैकी काही नसते आणि तिचा दिवा रात्रीच्या राज्य महामार्गावर ऊस किंवा कापूस भरलेली बिनदिव्याची ट्रॉली वेळेत दाखवील याचा भरवसा नसतो. जुनी गाडी ठेवायचीच असेल तर ती गाव, वावर आणि फाटा एवढ्यापुरतीच ठेवावी, तालुक्याला नवी न्यावी. आपल्याकडे नेमके उलट होते : नवी गाडी चादर पांघरून घरात आणि म्हातारी गाडी तिघांना घेऊन लग्नाला.

दुसरी पायरी : गाडी सकाळी, थंड असताना तपासावी

मेकॅनिककडे गाडी चालवत नेली की इंजिन तापलेले असते आणि तापलेले इंजिन बरेच दोष लपवते. त्यामुळे पहिली तपासणी घरीच, सूर्य वर येण्याआधी करावी. चोक ओढून तिसऱ्या-चौथ्या किकेत गाडी सुरू झाली तर ठीक. दहा किका लागत असतील आणि किक पायाला हलकी, पोकळ लागत असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे. थंडीच्या सकाळी पहिली मिनिटभर पांढरी वाफ येते तिची चिंता नको. गाडी तापल्यावरही निळसर धूर येत राहिला आणि मागे चालणाऱ्याला जळक्या ऑइलचा वास आला, तर पिस्टन, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील यांचे काम निघणार. काळा धूर आला तर फार घाबरू नये. तो बहुधा एअर फिल्टर चोंदल्याचा किंवा कार्बुरेटर जास्त पेट्रोल देत असल्याचा असतो आणि स्वस्तात दुरुस्त होतो.

इंजिनापेक्षाही बारकाईने चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, पाहावी, कारण इंजिन बोअर करून पुन्हा उभे करता येते, चेसिस मात्र खाल्ली गेली की गाडीच संपली. ज्या गाडीवर वर्षानुवर्षे युरिया आणि मिश्रखताची पोती वाहिली गेली, फवारणीचा गळका पंप बांधला गेला, तिच्या सीटखाली आणि फूटरेस्टच्या जोडाजवळ लोखंडाला फोड आलेले दिसतात, कारण खत हवेतला ओलावा ओढून घेते आणि ते ओले खत लोखंड खाते. सीट काढावी, साचलेली माती ओल्या फडक्याने पुसावी आणि पेचकसाची मूठ हळूच ठोकून आवाज ऐकावा. टणक आवाज आला तर धातू शाबूत आहे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रा निघाला तर आत पोकळ झालेले आहे. माझ्या आधीच्या गाडीच्या वेळी बस स्टँडसमोरच्या मेकॅनिकने असेच ठोकून पाहिले, अंगठ्याने गंजाचा एक खवला काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, इंजिन चांगलं हाये, पण चेसिस गेली. पैसा कायले लावता?" त्या खवल्याने माझा निर्णय झाला.

उरलेल्या गोष्टी खर्चाच्या आहेत, निर्णयाच्या नाहीत. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, मागचा टायर, क्लच प्लेट, ब्रेक शू, हँडलचे कोन सेट यांचा अंदाज एकाच कागदावर मेकॅनिककडून लिहून घ्यावा. तोंडी अंदाज घेऊ नये. तो काम उघडल्यावर वाढतो.

तिसरी पायरी : कागदपत्रे आणि वर्षाचा खर्च

आरसी बुक काढून सर्वांत आधी नोंदणीची तारीख पाहावी. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण, म्हणजे आपल्या भाषेत 'पासिंग', करून घ्यावे लागते. पंधरा वर्षे झालेली गाडी सरकार जप्त करते, असा एक समज गावात पक्का बसलेला आहे. तो दिल्ली परिसरातल्या बंदीवरून आलेला आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर गाडी ठेवता येते, मात्र तपासणी करून आणि पैसे भरून. नूतनीकरणाचे शुल्क मोटारसायकलसाठी १,००० रुपये आहे, ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरील गाडीला ते २,००० रुपये झाले आणि त्याखेरीज महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० रुपये पर्यावरण कर आहे. म्हणजे सोळाव्या वर्षात शिरणाऱ्या गाडीला ३,००० रुपये, वर्षाकाठी ६०० पडले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावलेली नसेल तर तिचे ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये एकदाच द्यावे लागतात.

विमा नसलेली गाडी वावरापुरती का होईना, सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईच्या) विम्याचा हप्ता जून २०२२ मध्ये ७१४ रुपये ठरला, जीएसटी धरून तो सुमारे ८४३ होतो. येथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा एका मालकाला एकदाच पुरतो, त्यामुळे तो नव्या गाडीच्या पॉलिसीत घेतलेला असेल तर जुनीच्या पॉलिसीत पुन्हा लावू देऊ नये. एजंट आपणहून सांगत नाही, विचारावे लागते. पीयूसीचा खर्च किरकोळ आहे, फक्त बीएस-४ पूर्वीच्या गाडीला ते दर सहा महिन्यांनी काढावे लागते.

आता बेरीज करू. माझ्या वहीप्रमाणे शंभर सीसीच्या जुन्या गाडीला कागदपत्रांचे दीड हजार, दोन ऑइल बदलांचे आठ-साडेआठशे, बॅटरीचा वर्षाचा वाटा चारशे, टायर-ट्यूबचा सातशे आणि केबल, प्लग, बल्ब, पंक्चर यांचे पाचशे असे जवळपास चार हजार रुपये पेट्रोलव्यतिरिक्त लागतात. कॅलेंडरवर वर्षाच्या दीडशे खुणा होत असतील तर दिवसाला सुमारे सत्तावीस रुपये पडले, आणि एवढ्यात दुसरी कोणतीही सोय होणार नाही, गाडी ठेवावी. खुणा वीसच असतील तर प्रत्येक वेळी दोनशे रुपये पडतात, त्यापेक्षा त्या दिवशी ऑटो करणे किंवा शेजाऱ्याच्या गाडीत पेट्रोल टाकून ती नेणे स्वस्त आहे. मधल्या आकड्यांबाबत ज्याने त्याने ठरवावे. मी स्वतः साठ खुणांखाली गाडी ठेवणार नाही.

वडिलांची गाडी असेल तर ही बेरीज कोणी करत नाही आणि करू नये असेही मी म्हणणार नाही. आठवण म्हणून ठेवायची असेल तर तसे घरात स्पष्ट बोलून ठेवावे, 'कामी येईल' हे निमित्त लावू नये. वडील हयात नसतील आणि आरसी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर ठेवण्यासाठी काय आणि विकण्यासाठी काय, आधी नमुना ३१ भरून, मृत्यू दाखला आणि वारसांची संमती जोडून ती वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. यासाठी नियमाने तीनच महिन्यांची मुदत असते आणि आपल्याकडे तीन-तीन वर्षे हे काम पडून राहते.

चौथी पायरी : ती चालवणार कोण

घरात एक गाडी असते तेव्हा तिची किल्ली एकाच्या खिशात असते. दुसरी गाडी आली की जुनीची किल्ली खुंटीवर जाते आणि खुंटीवरची किल्ली नववीतल्या मुलाच्या हाती लागायला वेळ लागत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. वावराकडे जाणारा रस्ताही रस्ताच असतो.

सालगड्याच्या हाती गाडी द्यायची असेल तर गुढीपाडव्याला साल ठरवतानाच त्याचे लायसन्स पाहून घ्यावे. विनापरवाना माणसाला गाडी दिल्याबद्दल मालकालाच ५,००० रुपये दंड होतो, आणि त्याच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. एक एकर विकावे लागेल असा हा धोका आहे. लायसन्स नसेल तर आपल्या खर्चाने काढून द्यावे, ते स्वस्त पडते.

ठेवायचे ठरले तर

रिकाम्या महिन्यांतच जुनी गाडी खराब होते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप, वॉशर व कार्बुरेटर या मिश्रणासाठी बनवलेले नसतात. म्हणून गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोल साचून चिकट थर धरत नाही. डबल स्टँडवर उभी करावी, चेनला ऑइल द्यावे, बॅटरीची एक वायर काढून ठेवावी. पत्र्याखाली ठेवली तर मे महिन्यात आपल्याकडचा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो तेव्हा बॅटरीचे पाणी उडते आणि टायरला चिरा जातात; कडूलिंबाची सावली त्या पत्र्यापेक्षा बरी. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नये, आत घाम धरतो. सायलेन्सरच्या तोंडात फडके कोंबावे, नाहीतर कुंभारीण माशी तिथे मातीचे घर करते, आणि ते फडके काढण्याची आठवण राहावी म्हणून किल्लीला त्याच रंगाची दोरी बांधावी. उंदीर वायरी कुरतडतात त्यावर मला खात्रीचा उपाय सापडलेला नाही. सरकीच्या आणि धान्याच्या पोत्यांजवळ गाडी उभी करू नये एवढेच सांगतो.

नवी गाडीही उभी ठेवू नये. तिच्या मोफत सर्व्हिसिंगला किलोमीटर आणि दिवस यांपैकी जे आधी भरेल ती मर्यादा असते आणि दिवस चुकले तर वॉरंटीवर वाद होतो.

विकायचे ठरले तर

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या, त्यामुळे जुन्याचा भाव सांगताना त्याआधीचे आकडे डोक्यात ठेवू नयेत. दिवाळीनंतर, सोयाबीनचे आणि पहिल्या वेचणीचे पैसे लोकांच्या हाती असताना विकावी. जूनमध्ये सगळा पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो आणि गिऱ्हाईक अर्ध्या भावात मागते. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर फायनान्सची एनओसी आणि नमुना ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवावा, आणि थकलेली ई-चलने भरून टाकावीत.

शोरूमच्या एक्स्चेंजमध्ये गाडी देणे सोयीचे असते, परंतु तिथे मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या जातात. मी तशा सह्या एका ठिकाणी करून आलो होतो. सात महिन्यांनी नागपूरच्या एका चौकातले विनाहेल्मेट चलन माझ्या मोबाइलवर आले आणि गाडी त्यानंतर दोन हातांतून गेल्याचे कळले. नाव मात्र माझेच होते. ते उतरवायला तालुका आणि जिल्हा मिळून पाच फेऱ्या झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीवर ज्याचे नाव तोच मालक धरला जाईल. स्टँप पेपरवरच्या लिखापढीने नाव बदलत नाही.

म्हणून विकताना घेणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख नमुन्यांवर आपल्यासमोर भरून मगच सही करावी, त्यांचे व घेणाऱ्याच्या आधारकार्डाचे फोटो काढून ठेवावेत आणि राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवावे. गाडी चालण्याच्या पलीकडे गेली असेल आणि भंगारात द्यायची असेल, तरीही आरसी आरटीओकडे जमा करून नोंदणी रद्द करून घ्यावी. चेसिस नंबर दुसऱ्या एखाद्या गाडीवर फिरू नये यासाठी हे आवश्यक आहे.

गिऱ्हाईक ओळखीचे असले तर पूर्ण पैसे घेऊन एक किल्ली द्यावी आणि दुसरी आपल्याकडे ठेवावी. परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाच्या नावाची अक्षरे बदललेली दिसली, की ती दुसरी किल्ली त्याच्या घरी नेऊन द्यावी.